कुर्लीचे पाय

बुधवारी कुडाळच्या गाडीतून पार्सल उतरलं,
सुतळीत बांधलेलं, एक कोपरा ओला.
वेंगुर्ल्यात ग्रेसी लोबोच्या दुकानात आम्ही चौघे आधीच उभे.
वयं सांगत नाही. दोघांचे चष्मे गळ्यात, दोरीला.

ग्रेसीने ब्लेड मारलं.
मुखपृष्ठाचा वरचा डावा कोपरा,
जिथे आमच्या चौथीपासून कुर्ली बसलेली असायची:
आठ पाय, दोन नांग्या, एका नांगीत पेन्सिल,
एक डोळा मिटलेला, म्हणजे आत गंमत आहे.
तिथे आता एक नारिंगी गोल.
गोलाला वर दोन कोंब.
संपलं.

पंख्याचा आवाज ऐकू येत होता.
मग शकूर, जो बंदरावर बर्फ फोडतो
आणि ज्याला हळू बोलताच येत नाही:
"पाय खय गेले हिचे?"
"कुर्ली नाय ती, शर्टाचो बटान," भालू केळुसकर म्हणाला
आणि अंक उलटून पाहिला,
जणू पाय मागच्या पानावर पळाले असतील.
पोफळे मास्तर म्हणाले, मोबाईलवर एवढ्याशा जागेत
आठ पाय म्हणजे नुसते केस दिसतात.
त्यांचंही बरोबर असेल.
चहा येईपर्यंत मास्तरांशी कुणी बोललं नाही.

मी गप्प. मी होड्या रंगवतो.
नारळी पौर्णिमेला दहा दिवस,
चार होड्या अजून उघड्या लाकडाच्या.
अक्षराचं वळण मी शाळेत नाही,
त्या अंकांतल्या 'धप्प' आणि 'सूंऽऽ' वरून उचललं.
नाळेवर कुणी कुर्ली काढ म्हटलं
तर तिचे पैसे लावत नाही.

पत्र लिहायचं ठरलं. सप्रेम नमस्कार, वि. वि.,
आमची कुर्ली परत करा, इथपर्यंत जमलं.
मास्तर म्हणाले, कुठली ते काढून दाखवू, सोबत जोडू.
ग्रेसीने बिलबुकाची पानं फाडून दिली.

शकूरच्या कुर्लीला सहाच पाय.
भालूची दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होती.
मास्तरांची सुबक, पण नांगीत खडू.
आणि ग्रेसी, जी म्हणते मी फक्त विकते, वाचत नाही,
तिच्या कुर्लीच्या मिटल्या डोळ्याला तीन पापण्या होत्या.
होत्याच तीन. आम्ही विसरलो होतो.

मग सगळे माझ्याकडे वळले.
तेवीस होड्यांवर काढलेला माणूस.
पेन्सिल कुठल्या नांगीत?
बॉलपेन थांबलं.
होडीच्या दोन गालांवर दोन कुर्ल्या लागतात
आणि पेन्सिलीचं टोक दोन्हीकडून दर्याकडे हवं,
म्हणून एक सुलटी, एक उलटी.
इतकी वर्षं.
मूळ कुठली, मला माहीत नाही.

ग्रेसीच्या माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे आहेत.
शिडीही होती, भिंतीला टेकलेली.
कुणी हललं नाही.

पाकिटात शेवटी मजकूर गेलाच नाही.
पाच कुर्ल्या गेल्या,
पाठीमागे मेणबत्त्या, दीड डझन वह्या, उधार.

संध्याकाळी बंदरावर सायमनचा नातू
ओल्या वाळूत अंगठ्याने नवी कुर्ली काढत होता.
एक गिरकी, दोन टिचक्या, झाली.
दुसरी. तिसरी.
मला एकीला पाऊण तास लागतो.
लाटेने नेल्या, त्याने परत काढल्या,
तोंडाने काहीतरी पुटपुटत, बहुतेक 'धप्प'.
राग यायला हवा होता.

भालू होडीपाशी डबा उघडून उभा.
"काय ता, नवी काढतलंस की जुनी?"
"सरक," म्हटलं, "उजेड जाता."
आधी गोल काढला, नारिंगी.
तो दोघींनाही लागतो.
भालू बघत राहिला, मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
पाय उद्या बघू.
आधी हा वाळू दे.